चाळीच्या दर्शनी बाजूवर कोजागिरीला प्रोजेक्शन करायचंय, कसं जमवावं?

गॅलरीतली_मुलगी:
नमस्कार. गिरगावातली आमची चाळ दिवाळीनंतर रिकामी होणार. २४ बिऱ्हाडं, तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येक मजल्यावर आठ खोल्या. बहुतेकांनी भाड्याच्या जागा बघून ठेवल्यात. यंदाची कोजागिरी ही आमच्या चौकातली शेवटची, म्हणून चाळीवरच चाळीचे जुने फोटो दाखवायचं मनात आहे. आईची पेटी उघडली तर १९६० नंतरचे शंभरेक फोटो निघाले.

इमारत २४ मीटर लांब, १० मीटर उंच आहे. मधला चौक ११ मीटर रुंद, पलीकडे चाळीचीच दुसरी इमारत. भावाच्या मित्राकडे ३,५०० ल्युमेनचा प्रोजेक्टर आहे. परवा लावून बघितला. फोटो भिंतीवर दिसलाच नाही, नुसती ढगाळ सावली. शिवाय गॅलऱ्यांच्या पोकळीत चेहरे तुटतात, कपाळ कठड्यावर आणि हनुवटी आतल्या दारावर. कोजागिरीच्या चांदण्यात तर अजूनच फिकं दिसेल का? आमच्याकडे पैसे थोडे आहेत, पण हात पुष्कळ आहेत.

प्रकाशवाला:
ताई, मी पंचवीस वर्षं नाटकांना प्रकाशयोजना केली, गेली काही वर्षं इमारतींवर प्रोजेक्शनची कामं करतो. तुमचा प्रश्न वाचल्यापासून कागदावर चाळच काढत बसलोय.

आधी चंद्राचं. पौर्णिमेचा उजेड साधारण पाव लक्स भरतो (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप), म्हणजे हिशेबात धरण्याइतकाही नाही. तुमचा वैरी आहे तो चौकातला एलईडी दिवा आणि खोल्यांमधल्या ट्यूबलाइट. दिव्याखालची जमीन सहज पंधरा-वीस लक्सने उजळते. चौकाचा दिवा चाळीचा असेल तर खेळापुरता बंद ठेवा. गल्लीतला खांब असेल तर त्याला फडकी बांधू नका, बेस्टकडे अर्ज करा, आणि तो आधीच करा.

आता ल्युमेनचा हिशेब. ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरमधून निघणारा एकूण उजेड; ल्युमेन भागिले चौरस मीटर म्हणजे लक्स. २४ मीटर रुंद चित्राची उंची १५ मीटर होते, क्षेत्रफळ ३६०. त्यावर ३,५०० ल्युमेन पसरले की दहा लक्सही उरत नाहीत. ती ढगाळ सावली यामुळेच.

माझा सल्ला असा की दर्शनी बाजू पूर्ण व्यापायच्या भरीस पडू नका. तळमजला सोडा, तिथे माणसं बसतील, ये-जा करतील. वरचे दोन मजले आणि पागोळीपर्यंतची भिंत मिळून सातेक मीटर उंची होते. दहा हजार ल्युमेनचे दोन लेझर प्रोजेक्टर भाड्याने घ्या. प्रत्येकाचं चित्र १३ मीटर रुंद ठेवा, मधे दोन मीटर एकमेकांवर चढू द्या. त्या पट्ट्यातला उजेड दोन्हीकडून हळूहळू उतरवायचा, त्यालाच आम्ही ब्लेंडिंग म्हणतो. १३ मीटर रुंदीला आठ मीटर उंची मिळते, म्हणजे काम भागलं. उजेड साधारण ९५ लक्स. चुन्याच्या भिंतीवर छान उठेल, काळ्या दगडावर एवढ्यात उठला नसता.

११ मीटरवरून १३ मीटर रुंद चित्र म्हणजे थ्रो (अंतर भागिले चित्राची रुंदी) ०.८५. भाड्याने देणाऱ्याला ०.८ ते १ ची झूम लेन्स मागा. प्रोजेक्टरबरोबर नेहमी मिळते ती लेन्स तुमच्या चौकात बसणार नाही. दोन्ही प्रोजेक्टर समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, एकमेकांपासून ११ मीटरवर ठेवा. झोत लोकांच्या डोक्यांवरून जाईल, सावल्या पडणार नाहीत.

त्या गॅलरीची जमीन लाकडी आहे ना? मग तिथे खेळ संपेपर्यंत कोणालाही फिरू देऊ नका. एका शाळेच्या सोहळ्यात माझ्या मचाणावर चार मुलं चढली, प्रोजेक्टर हलला आणि मधल्या पट्ट्यात सगळ्या शिक्षकांना दोन-दोन नाकं आली. मी खाली उभा होतो, ते निवृत्त शिक्षक समोर बसलेले. अजून ते आठवलं की जीव खालीवर होतो.

माजघर:
तुटणाऱ्या चेहऱ्यांचं काय? गॅलऱ्यांच्या पोकळ्या तर राहणारच.

प्रकाशवाला:
त्यावर मांजरपाट. प्रत्येक खोलीसमोरच्या दोन खांबांच्या मधे, कठड्याच्या रेषेत, वरून खाली ताणून बांधायचा. खालच्या काठात लाकडी पट्टी घाला, नाहीतर वाऱ्याने फुगेल. जिन्याची तोंडं मात्र मोकळी ठेवा, तिथे कापड नको. आणि कापडाजवळ एकही पणती नको.

पण ताई, खरं सांगू? फोटो मोठे करून भिंतीवर सरकवत नेणं मला तुमच्या चाळीला शोभणारं वाटत नाही. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. काळं म्हणजे प्रकाशच नाही, तिथे फक्त भिंत दिसते. जुन्या कृष्णधवल फोटोंची पार्श्वभूमी गडद असते, ती निम्मी भिंतीत जिरेल. त्यापेक्षा फोटोतलं एकेक माणूस कापून वेगळं काढा, चेहरा उजळा, आणि त्याला त्याच्याच खोलीसमोरच्या कापडावर उभं करा. तीन मीटरच्या पोकळीत कमरेपासून वरचा माणूस खऱ्या मापाचा बसतो. चित्राचा एक ठिपका (पिक्सेल) सात मिलिमीटरचा पडेल, चौकातून तो खुपत नाही.

आणि एक. १९८० च्या सुमारास मायकेल नायमार्क नावाच्या अमेरिकन कलावंताने फिरत्या तबकडीवर कॅमेरा ठेवून एका दिवाणखान्याचं चित्रण केलं. मग खोलीतली प्रत्येक वस्तू पांढरी रंगवली आणि कॅमेऱ्याच्या जागी प्रोजेक्टर ठेवून तेच चित्रण तिच्यावर परत टाकलं. वस्तूचं चित्र त्याच वस्तूवर. हे चाळीत होऊ शकतं. प्रोजेक्टरची लेन्स जिथे येणार तिथे आधी कॅमेरा घट्ट बसवा. दिवेलागणीच्या आधी, ऊन नसताना, वरच्या मजल्यांवरच्या सोळा बिऱ्हाडांना आपापल्या गॅलरीत रोजच्यासारखं उभं करा. कोणी कपडे वाळत घालील, कोणी वाटाणे सोलील. कॅमेरा आणि लेन्स एकाच जागी असली की चित्र आपोआप जागेवर बसतं, उरलेले कोपरे मॅडमॅपर किंवा रिझोल्यूम अशा प्रोजेक्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून जुळवता येतात. आधी आजची माणसं, मग त्याच कापडावर १९६० मधली. सावकाश, एकेका माणसाला निदान दहा सेकंद द्या.

माजघर:
दोन गोष्टी, मी अशाच चाळीत वाढले म्हणून. ज्यांच्या घरात अलीकडे कोणी गेलंय त्यांना आधी विचारा. अंधारात अचानक आपला माणूस समोर उभा राहिला तर काहींना सोसणार नाही. दुसरं, तळमजल्यावरच्या आठ बिऱ्हाडांनी काय पाप केलंय? निरोपाच्या दिवशी ती चित्राबाहेर राहायला नकोत.

प्रकाशवाला:
माजघर, बरोबर बोललात. हे माझ्या हिशेबात सुटलं होतं. तळमजल्याच्या दारांनाही मांजरपाट लावा आणि त्यामागे ती माणसं स्वतः उभी राहू द्या. पाठीमागून मोबाइलचा टॉर्च धरला की सावली अगदी कातीव पडते. दुधी बल्ब नको, त्याने कडा विरघळतात.

वर मात्र खेळाच्या वेळी गॅलरीत कोणीही नको. तिथून थेट लेन्सकडे नजर जाते, लेझरचा झोत डोळ्यांना वाईट. अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर त्यांची खिडकी-दारं आधी झाका.

कायदेकानू:
आवाज लावणार असाल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून घ्या आणि रात्री १० ला बंद म्हणजे बंद. ऑक्टोबरात सात वाजेतो अंधार होतो, साडेसात ते साडेनऊ भरपूर वेळ आहे. मालकाचं पत्र लेखी ठेवा. प्रोजेक्टर घरातल्या जुन्या वायरिंगवर चालवू नका, दोन्हींना वेगवेगळी लाइन द्या, लॅपटॉपला यूपीएस.

गॅलरीतली_मुलगी:
सगळ्यांचे मनापासून आभार. भाड्याच्या लोकांनी काल संध्याकाळी एक प्रोजेक्टर चाचणीपुरता दिला, आम्ही तीन खोल्यांपुरतं करून बघितलं. मांजरपाट शिंपीकाकांनी शिवून दिला. बाबांचा १९७१ चा फोटो कापून आमच्या खोलीसमोर लावला, हात कठड्यावर बरोब्बर टेकला. आई खाली सतरंजीवर बसली होती. तिने वर बघून विचारलं, "अहो, चष्मा कुठे ठेवलात?" मग गप्प झाली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, राहू दे अजून.

तळमजल्यावरच्या मंडळींना सावल्यांची कल्पना सांगितली. जोशीआजी म्हणतात, मी दूध ढवळत उभी राहणार. त्यांच्या दारात पातेलं ठेवायला स्टूल बघतोय.

प्रकाशवाले काका, एक राहिलं. आमच्या कोपऱ्याच्या दोन खोल्यांची दुरुस्तीत गॅलरी बंद करून ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावल्यात. तिथे कापड बाहेरून लावू की काचेला आतून?

प्रकाशवाला:
बाहेरून. आतून लावलंत तर काच झोत परतवेल आणि चौकात कोणाच्या तरी डोळ्यांत जाईल. शनिवारी संध्याकाळी मी मोकळा आहे, लेन्स जुळवायला येतो. पैशाचं बोलू नका.