रोममध्ये प्लेबियन म्हणजे गरीब ना? आणि मत असून लोकांना उपयोग काय व्हायचा?

अर्धवट_वाचक:
मंडळी, रोमन रिपब्लिकबद्दल वाचतोय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. मला इतकंच कळलेलं की इ.स.पू. ५०९ च्या सुमारास त्यांनी राजाला हाकललं, मग दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे राज्य चालवणारे सर्वोच्च अधिकारी, निवडायला लागले, सिनेट म्हणजे बड्या लोकांची सल्लागार सभा होती, पॅट्रिशियन म्हणजे श्रीमंत आणि प्लेबियन म्हणजे गरीब. इथवर ठीक. पुढे बघतो तर क्रॅसस, म्हणजे रोममधला बडा धनाढ्य, तो प्लेबियन!! हे कसं काय? दुसरं म्हणजे मत जर सगळ्या नागरिकांना होतं तर गरिबांनी एकत्र येऊन श्रीमंतांना घरी का नाही बसवलं, गरीबच जास्त असणार ना. आणि साधा माणूस दिवसभर करायचा काय, जिथे बघावं तिथे नुसत्या लढाया आणि सिनेटर.

टोगा_सांभाळून:
पहिली गोष्ट, हा भेद जन्माचा आहे, खिशाचा नाही. काही ठराविक जुनी घराणी ती पॅट्रिशियन, बाकी सगळे नागरिक प्लेबियन, मग तो भाजी पिकवणारा असो नाहीतर जहाजांचा मालक. सुरुवातीला मोठी पदं आणि धर्मकार्यं पॅट्रिशियन घराण्यांनी धरून ठेवलेली, कर्ज फिटलं नाही तर माणूस स्वतःच सावकाराकडे बांधला जायचा. इ.स.पू. ४९४ मध्ये, परंपरा सांगते त्याप्रमाणे, प्लेबियन लोक सरळ शहर सोडून एका टेकडीवर जाऊन बसले. लढायला तेच जायचे ना, मग सिनेट ताळ्यावर आली आणि त्यातून ट्रिब्यून हे प्लेबियनांचं रक्षण करणारं पद निघालं, फक्त प्लेबियन लोकांचं. पुढे ४४५ मध्ये दोघांत लग्नाला परवानगी, ३६७ मध्ये कॉन्सलपद खुलं, २८७ मध्ये प्लेबियन सभेचे ठराव सगळ्या रोमला लागू. आता गंमत बघा, हे सगळं मिळेपर्यंत श्रीमंत प्लेबियन वरच्या घराण्यांत मिसळून गेले आणि गरीब प्लेबियन होता तिथेच राहिला. म्हणून क्रॅसस, सेनापती पॉम्पी, वक्ता सिसेरो हे सगळे प्लेबियन आणि ज्युलियस सीझर अस्सल पॅट्रिशियन, पण कॉन्सल होण्याआधी गळ्यापर्यंत कर्जात.

भारी उदाहरण क्लोडियसचं. हा पॅट्रिशियन, पण त्याला ट्रिब्यून व्हायचं होतं आणि पॅट्रिशियनला ते होता यायचं नाही. मग इ.स.पू. ५९ मध्ये पठ्ठ्या एका प्लेबियनला दत्तक गेला, आणि दत्तक बाप वयाने त्याच्याहून लहान! सीझर कॉन्सल होता, त्यानेच हे जमवून दिलं.

मतपेटी_नव्हती:
मताचं मी सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत माणसागणिक मत मोजत नसत. लोकांचे १९३ गट पाडलेले, मालमत्ता किती त्यावरून, आणि एका गटाचं एक मत. घोडेस्वारांचे १८ गट आणि पहिल्या वर्गाचे ८०, झाले ९८. बहुमताला लागतात ९७. म्हणजे वरच्या लोकांचं एकमत झालं की निकाल लागला, मतदान तिथेच थांबायचं, खालच्या वर्गांना हाकसुद्धा यायची नाही. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही ते सगळे, हजारो का असेनात, मिळून एका गटात कोंबलेले. इ.स.पू. तिसऱ्या शतकात यात थोडा फरक केला, पहिल्या वर्गाचे गट कमी केले, पण पारडं वरच्यांकडेच झुकलेलं राहिलं.

मतदान व्हायचं शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानात. तिथे कुंपण घालून रांगा केलेल्या आणि लोक त्या जागेला म्हणायचे ओविले, म्हणजे चक्क मेंढवाडा 😀 रांगेतून पुढे जाऊन एका अरुंद फळीवजा पुलावर एकेकाने चढायचं आणि मत द्यायचं. आधी तोंडी मत, सगळ्यांसमोर, म्हणजे ज्याच्या उपकाराखाली दबलोय तो ऐकणारच. इ.स.पू. १३९ मध्ये निवडणुकीसाठी मेण लावलेली पाटी आली, त्यावर लिहायचं. तरी बडे लोक त्या पुलावर उभे राहून डोकावायचेच. मग ११९ मध्ये मारियस ट्रिब्यून असताना त्याने कायदाच केला की पूल आणखी अरुंद करा, दुसरं कोणी उभंच राहता कामा नये! मला हा सगळ्या रोमन इतिहासातला सगळ्यात हुशार कायदा वाटतो.

तिसरा_मजला:
वर लिहिणाऱ्यांशी थोडं असहमत. कॉन्सलच्या निवडणुकीत गरिबाला किंमत नव्हती हे मान्य, पण कायदे बहुतेक दुसऱ्या सभेत व्हायचे, ३५ ट्राइब्जच्या, म्हणजे भागावरून पाडलेल्या गटांच्या, एका गटाचं एक मत, तिथे श्रीमंत-गरीब अशी उतरंड नाही. (तिथेही खोच आहेच, शहराला फक्त ४ आणि खेड्यांना ३१, शिवाय मत द्यायला स्वतः रोमला यावं लागायचं, मग लांबचा शेतकरी कापणी टाकून येतोय कशाला.) आणि ट्रिब्यूनचा व्हेटो ही चेष्टा नव्हती. दहा ट्रिब्यून, एकाने नाही म्हटलं की कामकाज ठप्प, त्याच्या अंगाला हात लावणं म्हणजे पाप, आणि त्याच्या घराचं दार रात्रीसुद्धा उघडं ठेवायचं, कोणीही मदत मागायला यावं म्हणून. अर्थात इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस जमिनीच्या वाटपावरून फारच ताणतोय म्हटल्यावर सिनेटरांनी बाकांचे पाय मोडून त्यालाच ठेचून मारला आणि प्रेत नदीत टाकलं, तेव्हा ते पाप कुठे गेलं देव जाणे.

आता दिवस कसा जायचा ते. उजाडायच्या आत उठून आपल्या पॅट्रनच्या, म्हणजे आश्रयदात्याच्या दारात हजेरी. तो कोर्टात मदत करणार, अडीनडीला पैसे देणार, बदल्यात हा त्याच्या मागून फोरमपर्यंत, म्हणजे शहराच्या मुख्य चौकापर्यंत, चालणार आणि मत त्याच्या माणसाला. राहायला भाड्याची कित्येक मजली इमारत, जितकं वर तितकं स्वस्त कारण पाणी खालून वाहून न्यायचं आणि आग लागली की वरचा मेला. क्रॅसस तर जळणारी घरं आणि शेजारची घरं पडत्या भावात विकत घ्यायचा, म्हणे. खाणं म्हणजे धान्याची पेज, कडधान्य, कोबी, ऑलिव्ह, मांस सणासुदीला. इ.स.पू. १२३ मध्ये गायस ग्रॅकसने, त्याच टायबेरियसच्या धाकट्या भावाने, सरकारी धान्य ठरलेल्या स्वस्त भावाने द्यायला सुरुवात केली, आणि ५८ मध्ये ते फुकट कोणी केलं? वरती आलेला तो दत्तक क्लोडियस 🙂

अर्धवट_वाचक:
बापरे, एवढं कोणी एका जागी सांगितलंच नव्हतं. मेंढवाडा कायम लक्षात राहणार. बायकांना आणि गुलामांना मत नव्हतंच ना?

टोगा_सांभाळून:
गुलामांना नाही, पण मालकाने रीतसर मुक्त केलं की तो नागरिक व्हायचा, मतही मिळायचं. फक्त अशांना बहुतेकदा त्या शहरी ४ ट्राइब्जमध्येच ढकलत, म्हणजे संख्या वाढली तरी वजन वाढत नाही. स्वतः त्याला पद मिळायचं नाही, मुलाला मिळू शकायचं.

बायकांना मत नाही, पण गप्प होत्या असंही नाही. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी चाललेल्या युद्धात, इ.स.पू. २१५ मध्ये कायदा झालेला की बाईने अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं ठेवायचं नाही, रंगीबेरंगी कपडे नाहीत, शहरात गाडीत बसून फिरायचं नाही. युद्ध संपून काही वर्षं झाली तरी कायदा तसाच. मग १९५ मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, तो रद्द करायला विरोध करणाऱ्या ट्रिब्यूनांच्या दारात ठाण मांडून बसल्या. कॉन्सल केटो विरोधात बोलून दमला आणि कायदा रद्द झाला.

अर्धवट_वाचक:
मस्त! शेवटचं एक, सगळ्या बायका ज्युलिया नाहीतर कॉर्नेलियाच का असतात?

मतपेटी_नव्हती:
कारण ते घराण्याचंच नाव, त्याचं स्त्रीलिंग केलं की झालं मुलीचं नाव. ज्युलियस घराण्यातली ती ज्युलिया. दुसरी झाली तर तीही ज्युलिया, मग थोरली-धाकटी म्हणायचं, तिसरी आली तर तिला टर्शिया, म्हणजे नुसतं तिसरी. सीझरला दोन बहिणी, दोघीही ज्युलिया, आणि मुलगी तीही ज्युलियाच.