मदत हवी आहे: जुन्या म्हाडा सोसायटीत उष्णतारोधक कामांसाठी कर्ज कसे उभारावे?

नमस्कार. नागपुरातील आमच्या सोसायटीत म्हाडाने अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेल्या चार इमारती आहेत; तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, एकूण ६४ सदनिका. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वरच्या मजल्यावरील भिंती मध्यरात्रीही हाताला गरम लागतात, वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर अहोरात्र चालतो आणि बिल ३०० युनिटांपुढच्या महाग टप्प्यात जाते. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारती सुस्थितीत ठरल्यामुळे पुनर्विकासाचा विषय तूर्त नाही.

आधी गच्चीची गळती बंद करावी, मग एक्सपीएसचे (घट्ट फोमच्या पत्र्यांचे) उष्णतारोधक थर टाकून वर पांढऱ्या चायना चिप्स (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे) बसवाव्यात, पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे बांधावेत आणि शेवटी सौर पॅनेल लावावेत, असा आमचा प्रस्ताव आहे. अनुदान मिळते म्हणून काही सभासद सौर पॅनेलच आधी मागतात. पण मग गच्ची गळू लागली की सारा सांगाडा उतरवावा लागेल. शिवाय पॅनेलने बिल उतरले तरी त्यांच्या सावलीपलीकडे घरातील उकाड्याला फारसा उतार पडणार नाही.

अडचण पैशांची आहे. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दराने जमा होतो. आमच्या सदनिकेचा मूळ बांधकाम खर्च ६०,००० रुपये धरलेला असल्याने ही रक्कम वर्षाला दर सदनिकेमागे १५० रुपये, म्हणजे सर्व मिळून ९,६०० रुपये भरते. त्यात एका इमारतीचे वॉटरप्रूफिंगही होणार नाही. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला सामाईक सोयींसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे खरे, परंतु आमचा सामाईक वापर म्हणजे पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे, इतकाच.

ज्या सहकारी बँकेकडे आम्ही चौकशी केली, तिने तारण मागितले. जमीन भाडेपट्ट्याची असल्यामुळे गहाण ठेवण्यास आधी म्हाडाची परवानगी लागेल, आणि त्याहून अवघड म्हणजे कर्ज सोसायटीच्या नावावर, तर बचत ६४ निरनिराळ्या मीटरांवर होणार. परतफेड मेंटेनन्समधूनच करावी लागेल. तळमजल्यावरील सभासद त्यास राजी नाहीत, आणि भाड्याने दिलेल्या घरांचे मालक म्हणतात की बिल भाडेकरूचे, मग भुर्दंड आम्हाला का? त्यांचे म्हणणे अगदीच गैर आहे असे मला वाटत नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. गच्चीची गळती दुरुस्त करणे ही सोसायटीची जबाबदारी असल्याने उष्णतारोधक थराचा खर्चही त्याच दुरुस्तीचा भाग म्हणून सर्वसाधारण सभेत मंजूर केल्यास लेखापरीक्षक हरकत घेईल का? तारणाऐवजी सभासदांच्या वर्गणीच्या हमीवर, पाच-सात वर्षांच्या मुदतीने एखाद्या बँकेने वा पतसंस्थेने कर्ज दिल्याचा अनुभव कोणाला आहे का? आणि वरच्या मजल्याने जास्त, खालच्यांनी कमी अशी विभागणी कोणी केली असेल, तर प्रमाण कसे ठरवले आणि ठरावाचा मसुदा काय होता, हे कृपया कळवावे. सर्वसाधारण सभा पुढील महिन्यात आहे.