टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) मुलांनी थांबावं, की मिळेल ती नोकरी धरावी?

ऐरोलीकर
मी बीकॉमच्या मुलांना शिकवतो. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून वर्गात धास्ती आहे. ऐरोली-महापे पट्ट्यात प्रत्येकाचं कुणी ना कुणी आयटीत आहे. आता हुशार मुलंही म्हणतात, ‘सर, एमबीए करतो, तोवर मार्केट सुधारेल.’ हा निर्णय नव्हे, ही टाळाटाळ आहे. माझं मत स्पष्ट आहे: मिळेल ते काम धरा. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच मांडलं होतं की ‘मला जमेल’ हा विश्वास सगळ्यात जास्त स्वतः काम पार पाडल्यावर येतो. कुणी समजावल्याने येतो तो त्याहून कच्चा. माझ्या एका विद्यार्थिनीने सुट्टीत तुर्भ्याच्या गोदामात स्टॉकचा हिशेब ठेवला. आज ती लॉजिस्टिक्सबद्दल ठामपणे बोलते. आमच्या सेमिनारांनी तिला एवढं दिलं नव्हतं.

कोपरीची ताई
सर, मला हे अजिबात पटत नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी भरतीचं काम बघते. पहिली नोकरी पुढची बरीच वर्षं माणसाला चिकटून राहते. शेवटचा पगार विचारून पुढचा ठरवायची आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. अमेरिकेत १९८०च्या आसपासच्या मंदीत पदवी घेतलेल्यांवर अर्थतज्ज्ञ लिसा कान यांचा अभ्यास आहे. पंधरा वर्षांनीही त्यांची कमाई चांगल्या काळात पदवी घेतलेल्यांच्या मागेच होती. घरी वडिलांचा पगार सुरू असेल, हप्ता फिटला असेल, तर मुलाने वर्षभर थांबून नीट शिकावं. त्याला घाबरट का म्हणायचं?

ऐरोलीकर
पण ताई, कॅनडातल्या पदवीधरांवरचा ओरिओपोलोस आणि सहकाऱ्यांचा २०१२चा अभ्यासही आहे. तिथे हे नुकसान साधारण दहा वर्षांत भरून निघालं, आणि भरून काढण्याचा मोठा मार्ग होता नोकरी बदलणं. आधी आत शिरल्याशिवाय बदलणार काय?

घणसोली_टीवाय
आमच्याबद्दल चाललंय, म्हणून लिहितो. आम्हाला धीर नको, माहिती द्या. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये विमानं उडू लागली. नातेवाईक प्रत्येक लग्नात सांगतात, ‘आता तुमच्या दारात नोकऱ्या.’ कुठल्या जागा? कायम की ठेकेदाराकडे? हातात किती? कोर्स कुठला चालतो? कॉलेजच्या प्लेसमेंट सेलकडे याचं उत्तर नाही. मग क्लासवाले सांगतील ते खरं धरून माझे मित्र फी भरतात. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही तेच. पदवीधराला महिना १० हजार मिळतात, बरं वाटतं, पण मुदत संपल्यावर पुढे काय, हे आधी कुणी सांगत नाही. समोर काय आहे तेच दिसत नसेल, तर विश्वास कशावर ठेवायचा?

ऐरोलीकर
हे मान्य. प्लेसमेंट सेलने मागच्या बॅचचे हातात येणारे पगार आणि करारांची मुदत फळ्यावर लावावी. माझ्या विभागापुरतं मी हे याच सत्रात करून घेतो. तरीही माहिती पूर्ण मिळेपर्यंत थांबा, असं मी म्हणणार नाही.

कोपरीची ताई
फळ्याचं नक्की करा. पण सर, तुम्ही दिलेल्या त्याच कॅनडाच्या अभ्यासात पुढे हेही आहे की, ज्यांची कॉलेजं आणि शाखा कमी कमाईच्या होत्या त्यांचं नुकसान बराच काळ भरून निघालं नाही. नोकरी बदलून वर चढले ते मुख्यतः वरच्या फळीतले. कळव्याच्या चाळीतली साधं बीकॉम केलेली मुलगी यात कुठे बसते ते सांगा. ‘मिळेल ते धर’ हा सल्ला सगळ्यात आधी तिलाच दिला जातो, आणि चुकला तर तो सावरायला तिच्याकडेच सगळ्यात कमी पैसे असतात. तिला सल्ला देण्याआधी घरखर्चाचे किती महिने हाताशी आहेत, एवढं तरी विचारा.