मदत हवी आहे: खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचे जुने अहवाल

नमस्कार मंडळी, अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यावर, म्हणजे जिथलं भूजल खारं आहे त्या भागावर, प्रबंध लिहितेय. इथे नदीने आणलेल्या गाळाचे जाड थर आहेत, त्यामुळे बेसाल्टमधल्या (काळ्या खडकातल्या) विहिरींचे ठोकताळे लागू पडत नाहीत. उथळ विहीर आणि शेजारची खोल बोअर, दोन्हींचं पाणी अगदी वेगळं असू शकतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी मिळाली आहे. पण पावसाळ्याआधी आणि नंतर क्षार किती बदलतात, हे गावातल्या नोंदींशिवाय कळणार नाही.

दर्यापूर, मूर्तिजापूर भागातल्या कुणाकडे पाणी तपासणीचे जुने अहवाल आहेत का? विहिरीची खोली आणि नमुना घेतल्याचा महिना एवढं तरी हवंच. शेततळं केल्यावर शेजारच्या विहिरीचं पाणी गोडं झालं असेल, तर तेही जरूर कळवा.