मदत हवी आहे: लेकीचं सीनियर पोर्ट्रेट, चष्मा आणि सासूबाईंची पैठणी

चिंचगुळ
नमस्कार मंडळी,
लेक सप्टेंबरात बारावीत जाईल. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ. पुण्याहून येऊन सहा वर्षं झाली, तरी इथल्या शाळेतली प्रत्येक भानगड आम्हाला पत्र आल्यावरच कळते. परवा असंच एक आलं. इयरबुकसाठी, म्हणजे शाळेच्या वार्षिक फोटोपुस्तकासाठी, सीनियर पोर्ट्रेट (बारावीच्या मुलांचा फोटो) काढायचं, तेही शाळेने ठरवलेल्या स्टुडिओकडूनच; तुमची वेळ ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. सोबत पॅकेजांचं रंगीत पत्रक, ते वाचायला चार्टर्ड अकाउंटंट लागेल.

या विषयातला माझा अनुभव म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवरचा पासपोर्ट फोटो. तेल लावलेल्या दोन वेण्या, मागे निळा पडदा. फोटोवाले काका ‘हनुवटी खाली’ म्हणाले म्हणून मी ती इतकी खाली नेली की फोटोत नुसतं कपाळ.

तर अडचणी अशा. मुलींना स्टुडिओत काळा ड्रेप, म्हणजे वरून गुंडाळायचं कापड, देणार म्हणे आणि मुलांना टक्सिडो, तो बो लावलेला काळा सूट. ड्रेपमध्ये खांदे उघडे राहतात आणि लेकीला ते अजिबात नको आहे. दुसरं म्हणजे चष्मा, नंबर उणे पाच. काढला तर ती ओळखू येत नाही, ठेवला तर डोळ्यांच्या जागी दोन पांढरे चौकोन. शाळेच्या ओळखपत्रावर तसेच आलेत.

आणि तिसरं, सासूबाईंनी त्यांच्या लग्नातली पैठणी एका ओळखीच्यांबरोबर इथे पाठवली आहे. नातीचा एक फोटो त्यात हवा. लेक नेसायला तयार आहे, पण शाळेच्या फोटोत नको म्हणते. शिवाय ती शाळेच्या क्रॉस कंट्री (लांब पल्ल्याच्या धावण्याच्या) संघात आहे, त्या जॅकेटमधला एक फोटो पाहिजेच. हे सगळं कसं जमवायचं? पॅकेज कुठलं घेऊ?

मधली_सुट्टी
आधी एक फोड करून घ्या. हे दोन वेगळे फोटो आहेत. इयरबुकमध्ये फक्त डोकं आणि खांदे, सगळ्यांचे एकाच मापाचे, एकाच पार्श्वभूमीवर. तो शाळेच्या स्टुडिओकडून, मुदतीत. पैठणी, जॅकेट, व्हायोलिन, कुत्रा हे सगळं तुम्ही तुमच्या आवडीच्या फोटोग्राफरकडून कधीही काढा. आमच्याकडे इयरबुकच्या फोटोला पैसे नव्हते, छापील प्रती घेतल्या तरच. पत्रकात ‘सिटिंग फी’, म्हणजे नुसतं फोटोला बसायचे पैसे, शोधा, खरी मेख तिथे असते.

पहिली तारीख चुकवू नका. रीटेकचा दिवस असतो, पण तोही हुकला तर पुस्तकात नुसतं नाव येतं. आमच्या थोरल्याचं तसंच आलं आहे.

कोकम_सरबत
ड्रेपबद्दल. ते मखमलीसारखं अर्धवट कापड असतं, मागून चिमट्याने आवळतात आणि खाली आपले आपले कपडे तसेच असतात. मुलांचा टक्सिडोही अर्धाच. माझा मुलगा वरून साहेब आणि खाली बास्केटबॉलची चड्डी असा बसला होता.

शाळेला ईमेल करून सरळ विचारा की ड्रेपऐवजी दुसरं काही चालेल का. आमच्या शाळेने गडद ब्लाउज आणि ब्लेझर चालवून घेतला. बऱ्याच शाळा आता हे मुलांवर सोडतात. मिसिसिपीत एका मुलीने टक्सिडो घालून फोटो काढला म्हणून शाळेने तो इयरबुकातून वगळला होता. ते प्रकरण २०१० मध्ये कोर्टात गेलं, आणि तडजोडीत शाळेने मुलगा-मुलगी सगळ्यांनाच फोटोसाठी सारखे पदवीदानाचे टोपी-गाऊन केले. त्यामुळे विचारायला लाजू नका. फक्त फोटोच्या दिवशी काउंटरवर वाद घालू नका, तिथली पोरं उन्हाळी नोकरीवाली असतात, त्यांच्या हातात काही नसतं.

खडूस_काका
एका फोटोसाठी एवढं? आमच्या वेळी वर्गाचा एकच ग्रुप फोटो, त्यात मी खांबामागे. काही बिघडलं नाही.

कोकम_सरबत
काका, खांबामागे होतात म्हणूनच पन्नास वर्षांनी आठवतंय.

उजेडवाला
मी हौशी फोटोग्राफर, मित्रमंडळींच्या मुलांचे असे फोटो काढतो. चष्म्यावर सविस्तर लिहितो, कारण बाकी गोष्टी निभावतात, हीच निभावत नाही.

पांढरे चौकोन म्हणजे समोरच्या दिव्याचं प्रतिबिंब. दिवा वर आणि बाजूला नेला तर ते काचेतून निघून जातं. ते आपल्या हातात नसेल तर चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित वर उचलायच्या, काच थोडी जमिनीकडे झुकते आणि झळाळी खाली पडते. समोरून फोटोत ते कळत नाही. किंवा सरळ चष्म्याच्या दुकानात जाऊन जुन्या फ्रेमच्या काचा काढून घ्या आणि रिकामी फ्रेम घालून बसवा. उणे पाचला याचा आणखी एक फायदा, जाड काचेतून डोळे बारीक दिसतात आणि गालाची कड आत सरकलेली दिसते, तेही टळतं. मात्र तिला समोरचं धूसर दिसणार, तेव्हा कुठे बघायचं ते आवाजावरून सांगायला सांगा.

उन्हात काळी होणारी काच आहे का? असेल तर बाहेरच्या फोटोंसाठी ती नकोच. एका मुलीचे पाऊण तासाचे फोटो मी असे घालवले आहेत. सगळ्यांत ती गॉगल लावून गुप्तहेर.

कपड्यांत बारीक चौकडी आणि बारीक रेघा टाळा, कॅमेऱ्यात त्या थरथरल्यासारख्या दिसतात. भडक पोपटी, नारिंगी नको, हनुवटीखाली तोच रंग उतरतो. आपल्या काळ्या केसांना काळी पार्श्वभूमी देत असतील तर केसांच्या मागून एक दिवा मागा, नाहीतर नुसता चेहरा तरंगतो.

शेवगा_शेंग
थ्रेडिंग त्याच दिवशी नको! चारपाच दिवस आधी. केस कापायचे तर दोन आठवडे आधी. आणि क्रॉस कंट्रीचा सराव ऑगस्टात उन्हातच चालतो ना, मग बनियनच्या पट्ट्यांचे पांढरे वळ खांद्यावर उमटलेले असणार. ड्रेप नाकारायला हेही कारण चालेल.

पैठणीचं बोलते. लग्नातली म्हणजे किमान चाळीस वर्षांची. पाठवलेल्या घडीतच ठेवू नका, आजच उलगडून सावलीत पसरा. जुनं रेशीम घडीवर विरतं आणि नेसताना नेमकं तिथेच फाटतं. जरीवर थेट इस्त्री नको, वर सुती कापड टाकून हलक्या हाताने. नऊवारी आहे की सहावारी? नऊवारी असेल तर घरूनच नेसवून न्या, पार्किंगमध्ये काष्टा घालता येत नाही, मी प्रयत्न केला आहे.

चिंचगुळ
नऊवारीच आहे. आत्ता उलगडली, दोन ठिकाणी घडीवर विरली आहे. जीव खाली-वर झाला. काच साधीच आहे, काळी होणारी नाही.

शेवगा_शेंग
मग नेसवूच नका. साध्या रेशमी साडीवर शेल्यासारखी खांद्यावरून घ्या, विरलेला भाग मागे. फोटोत काठ आणि पदर दिसला की आजीचं समाधान.

उजेडवाला
आणि जरीवर थेट फ्लॅश नको. ऑगस्टअखेर तुमच्याकडे सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेसहाला सुरू करा, पैठणी आधी आणि जॅकेट शेवटी. डासांचं औषध बरोबर ठेवा. काही पार्कांत पैसे घेऊन फोटो काढणाऱ्याला परवाना लागतो, ते फोटोग्राफरला आधीच विचारा.

मधली_सुट्टी
पॅकेजचं राहिलं. मोठं घेऊ नका. मैत्रिणींना वाटायला वॉलेट साइजचे, म्हणजे पाकिटात मावणारे छोटे फोटो लागतात, मागे काहीबाही लिहून देतात एकमेकींना. एक ८ बाय १० इंची आजीसाठी. बाहेरच्या फोटोग्राफरकडून डिजिटल फाइली आणि प्रती छापायची लेखी परवानगी घ्या, ती नसेल तर औषधांच्या दुकानातला फोटो काउंटर छापून देत नाही. आम्ही हौसेने सगळ्यात महागडं घेतलं, अजून बेसमेंटमध्ये चोवीस वॉलेट पडून आहेत.

चिंचगुळ
अपडेट. शाळेने नेव्ही ब्लेझर मान्य केला, एका ओळीचं उत्तर आलं. काचा काढलेल्या फ्रेमची युक्ती जमली, फक्त लेकीने सवयीने बोटाने काच पुसायला जाऊन डोळ्यात बोट घातलं, त्यामुळे पहिले पाच फोटो अश्रूपूर्ण.

पार्कातले कालच झाले. पैठणीचा फोटो लगेच सासूबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवला. पाच मिनिटांनी फोन: “छान दिसतेय गं पोर. पण पदराचे मोर खाली डोकं वर पाय का झालेत?”

बघितलं तर खरंच. चौघीजणी तिथे होतो, एकीच्याही लक्षात आलं नाही. उजेडवाला, पुढच्या शनिवारी परत जायचं आहे, तेव्हा सूर्यास्त किती मिनिटं आधी धरू?