बाबासूची फळं वेचायचा हक्क मिळाला, पण रोपांचं काय?

रानवाट: ब्राझीलच्या मारान्याव राज्यात लागो दो जुंको नगरपालिकेनं १९९७ मध्ये 'मोकळा बाबासू' कायदा केला. बाबासू हा तेलबिया देणारा, ताडाच्या जातीचा पाम; तो कुणाच्याही कुरणात असो, गळालेली फळं वेचायला बायकांना आडकाठी करायची नाही. झाडं तोडायची नाहीत, विषही मारायचं नाही. बायकांनी भांडून मिळवलेला कायदा आहे. पण सगळी चर्चा वेचण्यावरच अडते. खरी लढाई रोपांची आहे.

कुरणकाठ: जमीन एकाची, फळ दुसऱ्याचं, हे मला पटत नाही. रोपं दाटली की गवत मरतं. मग गुरं पाळणाऱ्यानं काय करायचं? वेचायचे दिवस ठरवून द्या, सरसकट मुभा नको.

रानवाट: दिवस कसे ठरवणार? फळ पिकून आपोआप गळतं. खाली पडून राहिलं की भुंगेरा अंडी घालतो, अळी आतलं बी पोखरते. आठवड्यातून एकदाच फाटक उघडलं तर हाती पोकळ फळंच यायची.

आणि रोपं. उगवतानाच बाबासूचा कोंब जमिनीखाली जातो. त्यामुळे कोयत्यानं छाटा की जाळा, तो पुन्हा फुटतो. म्हणूनच मालक विषाकडे वळतात, आणि विषानं मात्र रोप कायमचं जातं. मोठी झाडं उभी दिसतात म्हणून कुणी ओरडत नाही. ती म्हातारी होऊन पडली की मागे काहीच नसतं. अंतर राखून विरळणी करा ना, तिला कोण नाही म्हणतं?

चिंचबन: त्यापेक्षा अख्खं फळ कारखान्याला विकावं. आता फळ फोडायचं म्हणजे कुऱ्हाडीचं पातं वर करून, दांडा पायाखाली दाबून, त्यावर फळ धरायचं आणि लाकडी दांडक्यानं ठोकायचं. बोटं जायची भीती. हे काम टिकवायचंच कशाला?

मोहटी: कारण कमाई फोडण्यातच आहे. फळाच्या वजनात बी जेमतेम ६ ते ८ टक्के, पण तेल त्यातच. मधल्या थराचं पीठ होतं, करवंटीचा कोळसा. अख्खं फळ दिलं की हे सगळं हातचं जातं, उरते वेचणावळ. कोळशाच्या भट्टीत तर बीसुद्धा जळतं. कष्ट कमी करायचे तर यंत्र बायकांच्या सहकारी संस्थेकडे द्या. मात्र बी तुटता कामा नये, तुटलेलं लवकर खवट होतं.

कुरणकाठ: विरळणी मान्य. पण कुठलं रोप ठेवायचं हे मालकच ठरवणार.

रानवाट: नाही, दोघांनी मिळून, रानात उभं राहून खुणा करायच्या. शिवाय हा कायदा नगरपालिकेपुरताच. हद्द ओलांडली की तो लागू होत नाही. शेजारच्या तोकांतिन्स राज्यानं २००८ मध्ये राज्यभर कायदा केला, मारान्यावलाही तसाच हवा.