मदत हवी आहे: आकाशदर्शन शिबिरासाठी खानापूर भागात जागा

आठवी-नववीची 25 मुलं, एक मुक्काम, 6 इंची दुर्बीण. राजहंसगडावर करून पाहिलं, पण बेळगावच्या दिव्यांनी उत्तरेचं आकाश पांढुरकं दिसतं. डिसेंबरात कणकुंबीला गेलो. अंधार सुरेख, पण दहालाच नेत्रिका (दुर्बिणीचं डोळ्याजवळचं भिंग) दवानं ओलीचिंब, रुमालानं पुसून पुसून थकलो. म्हणून आता फेब्रुवारीअखेरची अमावास्या बघतोय: संध्याकाळी मृग, दक्षिणेकडचा अगस्त्य तारा आणि पहाटे वृश्चिकाजवळची आकाशगंगा. मुलांना ती दिसायलाच हवी!

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जायचं नाही. बस पोहोचावी, पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह हवं. जांबोटीच्या आसपास दक्षिण क्षितिज मोकळं असलेलं माळरान, शेत किंवा शाळेचं पटांगण कुणाला माहीत आहे का? आणि तिथे फेब्रुवारीत दव कितपत पडतं?